केदारचं मूल

डोंबिवली पूर्व
९ जून २०२५

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. तक्रार नाही. फोनवर मी रडते आणि तू गप्प होतेस, त्यातून दोघींच्याही हाती काही लागत नाही. शिवाय घरात फोन वाजला की बाबा उठून दाराकडे जातात. केदार आला असं त्यांना वाटतं. तो गेला हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागायचं आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळायचे. शेवटी मी सांगणं सोडलं. केदार बंगलोरला आहे, कामात आहे, एवढ्यावर आता भागतं.

सकाळी मी त्यांना जिथे सोडते ती केदारची जुनी शाळा. मराठी शाळेत मुलंच येईनात, तेव्हा ट्रस्टने तिथे म्हाताऱ्यांचं पाळणाघर काढलं. भिंतीवरची बाराखडी तशीच आहे. चाळीसेक म्हातारे आणि सांभाळायला दोन बायका. अर्थशास्त्राचे प्राध्यापक गुरुदत्त आगटे, म्हणजे आपले बाबा, तिथे बाकाला धरून उभे राहतात, लोकसंख्येच्या स्फोटावर व्याख्यान देतात आणि ऐंशी वर्षांच्या बायकांना बजावतात की आता पुरे, दुसरं मूल नको. सगळे टाळ्या वाजवतात.

मुद्द्यावर येते. केमो सुरू व्हायच्या आधी केदारचं बीज ठाण्याच्या क्लिनिकमध्ये गोठवून ठेवलं होतं, ते अजून तिथे आहे. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, त्यावर हक्क बायकोचा, आईवडिलांचा नाही. म्हणजे माझ्या मुलाचं जे काही या जगात उरलं आहे ते तुझ्या सहीवर आहे.

तू अजून पस्तिशीचीही नाहीस. नऊ महिने दे. मूल मी वाढवीन. तू मोकळी, पुढे लग्न कर, मी स्वतः अक्षता टाकायला येईन. लोकांच्या तोंडाची काळजी करू नकोस. कुटुंबकल्याणाच्या नोकरीत मी जन्मभर परक्यांच्या घरात शिरून याच विषयावर बोलत आले, मला संकोच वाटत नाही.

एक पुरे असं आम्ही लोकांना सांगत होतो, म्हणून मीही एकावर थांबले. सांगणाऱ्यानेच थांबायचं नाही तर कोणी? देशाला तेव्हा तेच हवं होतं. आता आमच्या मागे कोण आहे, हे विचारायला देश येणार नाही. तू आहेस, म्हणून तुला विचारते.

तुझी,
आई


बाळकुम, ठाणे
२२ जून

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र रोज ऑफिसमधून आल्यावर काढते, वाचते, परत ठेवते. सरळ लिहिलंत ते बरं झालं. क्लिनिकचा मला पण मेल आलाय. वर्ष संपतंय, पुढे ठेवायचं का विचारतायत. मी अजून काही कळवलेलं नाही.

मला थोडा वेळ द्या. हो म्हणत नाहीये, नाही पण म्हणत नाहीये. घरी कोणाशी बोलले नाही, माझ्या आईशी तर नाहीच. मूल जन्माला घालायचं, तुमच्या हातात द्यायचं आणि निघून जायचं, हे तुम्ही जितकं सहज लिहिलंय तितकं सहज होईल का, मला खरंच माहीत नाही. ते पार्सल नाही आई.

एकच विनंती, बाबांना यातलं काही बोलू नका.

केदार सांगायचा की आमचं कॉम्प्लेक्स उभं राहायच्या आधी इथे शेतं होती आणि तुम्ही कामासाठी इथूनच पायी फिरायच्यात. मागे एक जुनी चाळ अजून आहे. मी हल्ली संध्याकाळी तिकडूनच चालायला जाते. तिथल्या कोणाला तुम्ही आठवत असाल का, असं मनात येतं.

बाबांना नमस्कार सांगा.

मैथिली


डोंबिवली पूर्व
४ जुलै

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

तू नाही म्हणत नाहीस, एवढं मला पुरेसं आहे.

बाबांना सांगितलं. रागावण्याआधी ऐकून घे. त्यांनी जेवण सोडलं होतं. घास तोंडात धरून बसायचे, गिळायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. मी ताट घेऊन समोर बसले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मैथिलीला बाळ होणार आहे. तुम्ही जेवला नाहीत तर त्याला उचलून कोण घेणार?" त्यांनी घास गिळला. मग पाणी मागितलं. मग दुसरा घास. आता रोज त्याच नावाने जेवतात. मी काय करायला हवं होतं, ते तू सांग.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये एका गृहस्थांचं भाषण झालं. आपल्या घरांतून मुलं जन्माला येत नाहीत, ज्या देशात म्हातारे जास्त आणि मुलं कमी तो देश टिकत नाही, तरुण जोडप्यांनी तीन-तीन होऊ द्यावीत. हॉलमध्ये एकही तरुण जोडपं नव्हतं. आम्ही सत्तरीचे सगळे माना डोलवत बसलो होतो. सर्वांत जास्त शस्त्रक्रिया घडवून आणल्या म्हणून मला एकदा चांदीचा पेला मिळाला होता, हे कोणीतरी त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू त्यांची नातवंडं मीच पळवली. मी ज्या व्यासपीठावर तो पेला घेतला तिथेही असंच बोलत होते. देश बुडेल, हे वाक्य तेच होतं. आकडा तेवढा बदलला.

मी त्यांना विचारलं, आज जे म्हातारे आहेत त्यांचं सरकार काय करणार? ते म्हणाले, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे. कुटुंबव्यवस्था म्हणजे सून. म्हणजे तू.

गुरुपौर्णिमेला ये. बाबांच्या पाया पड. फार बोलू नकोस.

आई


बाळकुम
२० जुलै

आई,

गुरुपौर्णिमेला मी आलेले ती बाबांना खरं सांगायला. स्टेशनपासून रिक्षात पूर्ण वाक्य जुळवत आलेले. दार त्यांनी उघडलं आणि मला नावाने हाक मारली. केदार गेल्यापासून पहिल्यांदा. मी वाकले तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं. म्हणाले, "अशा दिवसांत वाकायचं नसतं. कितवा?"

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पदराला हात पुसत राहिलात. दोन शब्द बोलला असतात तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "तिसरा, बाबा."

ते रडले. मग पपई खाऊ नकोस, जिना हळू चढ, केदारला सांग सुट्टी काढ, असं बरंच काही. मी सगळ्याला हो म्हणत गेले. त्यांच्यासाठी मी ते बोलले, हे मला मान्य आहे.

पण निघताना तुम्ही जिन्यात माझ्या हातात डिंकाचे लाडू दिलेत. बाबा आत झोपलेले. बघायला कोणी नव्हतं. मग ते लाडू कोणासाठी होते आई? घरी येऊन डबा उघडला तेव्हा मला पहिल्यांदा तुमची भीती वाटली.

माझं उत्तर नाही असं आहे. मला हे करायचं नाही. आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही विषय काढू नका, बाबा विसरतील. ते सगळंच विसरतात.

मैथिली


डोंबिवली पूर्व
११ ऑगस्ट

मैथिली,

ते सगळं विसरतात, हे विसरत नाहीत. सकाळी माझं नाव आठवायला त्यांना वेळ लागतो, पण तुला चौथा लागला हे त्यांनी पाळणाघरात सगळ्यांना सांगितलं. काल इमारतीत नव्याने राहायला आलेल्या दोघीजणी पेढे मागायला आल्या होत्या. मी दिले.

एक लक्षात घे. बाळ होणार एवढंच मी म्हटलं होतं. महिना तू सांगितलास. आता तो दर महिन्याला वाढणार, आणि पुढे काय सांगायचं ते माझ्यावर सोडून तू बाळकुमला दार लावून बसणार. हे चालायचं नाही. तू बोललीस ते खरं करणं अजून तुझ्या हातात आहे. थोडा उशीर झाला तरी बाबांना कळणार नाही.

नाही म्हणायची तुझी घाई कशाची आहे तेही मला समजलं. माझ्या भाच्याने, प्रीतमने तुला तलावपाळीवर पाहिलं. स्वानंद नाव आहे ना? तुझ्याच ऑफिसातला. त्याला मूल हवं असेल तेव्हा तुझ्याकडे वेळ असेल, तब्येत असेल, इच्छाही असेल. मी इतक्या बायकांशी या विषयावर बोलले आहे की मला फसवणं अवघड आहे. मूल नको असलेली बाई मी पाहिली नाही. नको असतो तो माणूस, ज्याचं ते मूल असतं. तुला माझ्या मुलाचं नको आहे.

आणखी एक. केदारला पहिल्यांदा ताप येत होता तेव्हा तू दोन महिने व्हायरल आहे, व्हायरल आहे म्हणत गोळ्या देत राहिलीस. लवकर कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी कोणापाशी बोलले नाही. तुझ्यापाशीही नाही. बोलायची वेळ आणू नकोस.

गौरी जेवतात त्या दिवशी बाबांच्या इच्छेखातर घरात डोहाळजेवण करते आहे. पाचच बायका असतील. सैल साडी नेसून ये. आत काय बांधायचं ते मी बघते.

मंदाकिनी


बाळकुम
६ सप्टेंबर

मंदाकिनीबाई,

गौरींना मी आले नाही. पाच बायका जेवून गेल्या असतील, तुम्ही त्यांना काहीतरी सांगितलं असेल. त्यात तुम्ही तरबेज आहात.

त्या दिवशी मी मागच्या चाळीत गेलेले. तिथे रखमाबाई म्हणून एक म्हातारी राहते. मूळची साताऱ्याकडची. नवरा, तानाजी, इथल्या एका कारखान्यात होता, तो वारला. आता लेकीकडे असते. मी तुमचं नाव घेतलं. ती लगेच म्हणाली, "आगटेबाई? गोरी? काळी छत्री असायची?" तिला ऑपरेशनला तुम्हीच नेलंत. मुलगी आणि पाठीवर मुलगा झाल्यावर. पुढच्या वर्षी मुलगा खाडीत बुडाला. टाके सोडवता येतात का, हे विचारायला ती तुमच्याकडे आलेली. तिच्याच शब्दांत लिहिते.

"बाई म्हनली, पोरगी हाय न्हवं? पोरगी म्हंजी मूल न्हाई का? समद्यांनीच असं केलं तर देशाचं कसं व्हायचं? पानी दिलं मला. वंगाळ न्हाई बोलली."

मी तिला सांगितलं की त्या बाईंचा एकुलता एक मुलगा गेला. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं." त्यात राग नव्हता. भाजी स्वस्त झाली असं सांगावं तसं म्हणाली. मग मला चहा विचारला. मी चहा घेतला. तिच्याशी भांडले नाही. हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहितेय.

तापाबद्दल तुम्ही लिहिलंत. त्यासाठी तुमची गरज नाही, ते मी स्वतःला रोज बोलते.

आता केदार. हे मी सांगणार नव्हते. क्लिनिकमध्ये तुम्ही बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसला होतात म्हणून तो आत गेला. घरी आल्यावर म्हणाला, "आईला नाही म्हणता आलं नाही. ते काम तुझ्यावर टाकून जातोय." त्याला मूल नको होतं. आजाराच्या खूप आधीपासून नको होतं. म्हणायचा, "दोघांच्या मधे मला एकट्याला बसवलं आणि जन्मभर दोघं माझ्याकडेच बघत राहिले. मी कोणाला असं बसवणार नाही." लग्नानंतर तुम्ही विचारायच्यात तेव्हा तो माझ्या नोकरीचं कारण पुढे करायचा आणि मी गप्प बसायचे. पाच वर्षं तुमचे टोमणे मी खाल्ले, ते त्याच्या वाटणीचे होते.

तुम्ही म्हणता मला तुमच्या मुलाचं मूल नको. मला त्याचंच हवं होतं. मी मागितलेलं. तो नाही म्हणाला.

शुक्रवारी क्लिनिकमध्ये जाऊन सही करून आले. त्यांनी ते नष्ट केलं. फार वेळ लागत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. आता तिथे केदारचं काही नाही. माझ्या सहीवरही काही नाही.

बाबांना सांगा, मूल राहिलं नाही. बायकांचं असं होतं कधीकधी. त्यांना समजेल.

मैथिली


डोंबिवली पूर्व
२७ ऑक्टोबर

मैथिली,

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर बाबांनी तुला हात का जोडले, हे तुला कळलं नसेल. तुझा गैरसमज राहू नये म्हणून लिहिते.

मूल राहिलं नाही असं सांगा, असं तू सुचवलंस. तसं सांगितलं असतं तर ते पुन्हा तुझी वाट पाहत बसले असते. आज ना उद्या परत दिवस जातील म्हणून. तेव्हा तू गेलीस असं मी सांगितलं. बाळंतपणात. महिन्यांचा मेळ त्यांना आता लागत नाही. पितृपंधरवडा चालू होता, ते सोयीचं पडलं. त्यांच्या लेखी केदार बंगलोरला आहे, म्हणजे तू सवाष्ण गेलीस. अविधवा नवमीला मी खालच्या मजल्यावरच्या विनिताला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं आणि तुझ्या नावाने पान वाढलं. जेवण झालं, ती उठून गेली, तरी ते त्या पानाशेजारी बसून होते. केदारच्या वेळी ते इतके रडले नव्हते. तू त्यांची एवढी होतीस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी हेच केलं असतं.

पुढे एका सकाळी त्यांनी विचारलं, "मूल वाचलं का?" मी हो म्हटलं.

वरच्या मजल्यावर सोनल राहते. तिची रजा संपली आहे, घरून काम करते आणि मुलगी सांभाळायला कोणी नाही. दुपारची मी सान्वीला खाली आणते. सोनलला बाई ठेवणं जमत नाही आणि मला मूल हवं आहे, दोघींचं भागतं. बाबा तिला मांडीवर घेतात. नाक थेट केदारचं आहे म्हणतात. जेवतात, झोपतात, वजन वाढलं आहे. तिच्या मुलीची आई आमच्या घरात मेलेली आहे, हे सोनलला मी सांगितलेलं नाही.

रखमाबाई मला आठवत नाही. अशा पुष्कळ यायच्या. पण जे सांगितलं असेल ते बरोबर सांगितलं. तिला एक मूल उरलं होतं. आजही माझ्यापुढे आली तर मी तेच सांगेन आणि पाणी देईन.

केदारबद्दल तू जे लिहिलंस त्याची एकच ओळ वाचली आणि तेवढा भाग दुमडून पुढचं वाचलं. आईला नाही म्हणता आलं नाही, एवढी वाचली. ती खरी आहे. तो मला कधीच नाही म्हणाला नाही. बाकीचं तू लिहिलेलं आहे, त्याचं नाही.

आता त्या दिवशीचं. बाबांना झब्बा घालून गर्दी दाखवायला मी नेलं होतं. तू त्या मुलाबरोबर समोरून आलीस. चेहऱ्यावर हसू होतं, आम्ही दिसलो तसं ते गेलं. बाबांनी रस्त्यातच चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, बाळ बरं आहे. तू आता यात अडकून राहू नकोस." ढोलांच्या आवाजात तुला ऐकू गेलं नसेल. तू पुढे यायला लागलीस. मी नको म्हणून मान हलवली. तू थांबलीस, त्यांच्याकडे एकदा पाहिलंस आणि वळून गर्दीत गेलीस.

ते बरं केलंस. घरी येताना ते शांत होते. म्हणाले, "गेलेली माणसं सणाला येतात असं ऐकलं होतं. किती छान दिसत होती." दुपारी सान्वीला मांडीवर घेऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं, तुझी आई आली होती म्हणून.

एकदा चालून गेलं. पुन्हा दिसलीस तर ते घाबरतील, आणि मला नव्याने काहीतरी सांगावं लागेल. माझ्याकडे आता सांगण्यासारखं उरलेलं नाही.

लग्न कर. मुलं होऊ दे, हवी तितकी. इकडे कळवू नकोस. डोंबिवलीत तुझं काही काम निघालंच तर पश्चिमेला उतर, आणि तिकडूनच परत जा.

मंदाकिनी आगटे